माझा सल्ला आणि आईचे लिंबू



या सदरातून मी आजवर तुमच्या झाडांच्या चुका काढत आलो. आज माझी स्वतःची चूक सांगायची आहे. तेव्हा जरा निवांत बसून वाचा, आणि ज्यांच्या अंगणात आई-बापाच्या आठवणीचे झाड आहे त्यांनी तर नक्की वाचा.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी इथेच लिहिले होते की घरातले माणूस गेल्यावर त्याची रक्षा नदीत सोडू नका. अंगणात खड्डा करा, रक्षा त्यात टाका आणि वर एक झाड लावा. नदी घाण होत नाही, कुणाला दक्षिणा द्यावी लागत नाही आणि नातवंडांना फळ खायला मिळते. तो लेख बऱ्याच जणांना आवडला. एकदोन विहारांत वाचून दाखवला गेला, जलदान विधीच्या कार्यक्रमांतून त्याचा उल्लेख झाला. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या लेखात एक गोष्ट लिहायची राहिली होती. रक्षा किती टाकायची, हे मी लिहिलेच नव्हते.

गेल्या सप्टेंबरात नागपूरच्याच एका वस्तीतून एका भगिनीचे पत्र आले. नाव देत नाही.

"काका, सप्रेम जयभीम. तुमचे वाचूनच आम्ही आईची सगळी रक्षा खड्ड्यात टाकली आणि वर कागदी लिंबू लावले. वर्षभर बरे होते. या पावसाळ्यात पाने पिवळी पडून गळत आहेत. मी रोज सकाळी न चुकता एक बादली पाणी टाकते. शेजारच्या बाया म्हणतात, तुझ्या आईचा जीव अडकला आहे, काहीतरी पूजा घाल. भाऊ म्हणतो उपटून टाक, रोज पाहून जीव जळतो. आईला लिंबाचे लोणचे फार आवडायचे. मी काय करू?"

पत्र वाचले आणि "आम्ही आईची सगळी रक्षा" या शब्दांवर माझी नजर अडकली. उत्तर लिहून भागणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी बस बदलून त्या वस्तीत गेलो.

घर साधेच. समोर आठ-दहा हात अंगण, कोपऱ्यात मोरी, मागे एक दांडगा कढीपत्ता. घरासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो हातभर उंच झाला आणि घरे खाली राहिली. नागपुरातल्या अनेक लेआऊटांत आज हेच चित्र आहे. पाऊस पडला की रस्त्याचे पाणी अंगणात उतरते आणि तिथेच बसून राहते. लिंबू नेमके सगळ्यात खोलगट जागी, भिंतीजवळ. उंची तीन फूट. खोडाला एक काळा दोरा बांधलेला. तो कुणी बांधला ते ताईंना माहीत नव्हते, पण शेजारणीचा चेहरा सांगत होता. मी तो सोडला. खोड जाड होत जाते आणि दोरा तसाच राहतो, मग तो सालीत रुततो. नजर लागो न लागो, दोऱ्याने झाडाचा गळा मात्र आवळला जातो.

आजारी झाडाकडे गेलो की मी आधी पाने पाहतो. पिवळे पान म्हणजे खत कमी, असे म्हणून लोक मूठभर युरिया फेकतात. पण पिवळेपण एकाच जातीचे नसते. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी असण्याचा संभव असतो. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. आणि माती ओली असूनही पाने मरगळून खाली लोंबत असतील तर मुळांचा श्वास कोंडला आहे. या लिंबाला शिरांची हिरवी जाळीही होती आणि मरगळही होती. म्हणजे दुखणी दोन होती.

मग नखाने फांदी खरवडली. शेंड्याकडे आत तपकिरी, कोरडे. एक वीत खाली आलो तर सालीखाली ओला हिरवा रंग. ताईंचा सात-आठ वर्षांचा मुलगा टक लावून पाहत होता. त्याला म्हटले, "हिरवं आहे ना? म्हणजे आजी... म्हणजे झाड जिवंत आहे." जीभ घसरली. ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

बुंध्याशी डिंक पाझरलेला नव्हता, हे नशीब. (नशीब म्हणायची सवय काही जात नाही!) डिंक असता तर तो डिंक्या रोग. त्यात सडलेली साल धारदार चाकूने खरवडून काढायची, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवायची आणि बोर्डो पेस्ट लावायची. एक भाग मोरचूद, एक भाग कळीचा चुना आणि दहा भाग पाणी, हे तिचे प्रमाण. मोरचूद व चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडाच्या भांड्यात नको. मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. असो, इथे त्याची गरज पडली नाही.

खुरपे घेऊन खोडापासून हातभर अंतरावर उकरू लागलो. वरची काळी माती चिकट, तिला आंबूस वास. वीतभर खाली गेल्यावर रंग बदलला. राखाडी, घट्ट थर, जणू ओला चुना थापला आहे. लिंबाची जी मुळे त्या थराशी पोचली होती ती काळी पडली होती. बोटात धरून ओढली की त्यांची साल ओल्या कागदासारखी निघून यायची. पहिले वर्ष झाड पिशवीतून आलेल्या मातीच्या जिवावर जगले होते. दुसऱ्या वर्षी मुळे बाहेर पडली आणि राखेत शिरली. त्यातच पावसाचे पाणी वरून तुंबले, आणि ताईंची रोजची बादली त्यात भर घालत होती.

मुलाला म्हटले, "घरात लिंबू आहे का?" त्याने आणले. अर्धे कापून त्या राखाडी मातीवर पिळले. बारीक फेस आला, चर्रर्र आवाज झाला. आमची काळी माती मुळातच चुनखडीची, तिचा सामू आधीच वरचा. म्हणजे जमीन आंबट नाही, खारट-चुनखट बाजूची आहे. लाकडाची राख ही त्याहून कितीतरी तीव्र असते. कोकणच्या तांबड्या मातीत मूठभर राख खपून जाते, उलट फायद्याची ठरते, कारण ती माती आंबट असते. इथे दोन घमेली राख एकाच खड्ड्यात पडली होती. अशा जमिनीत लोह असले तरी ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळाला उचलता येत नाही. ताट समोर वाढलेले असून तोंड बांधलेले, अशी झाडाची गत होते. हाडांच्या राखेतही झाडाला लगेच खाता येईल असे फारसे काही नसते. तिच्यात क्षार मात्र भरपूर.

आता हे ताईंना सांगायचे कसे? मी खुरपे खाली ठेवले. खरे सांगायचे तर पाणी तुंबले एवढेच सांगून निघून जावे, असा विचार एक क्षणभर मनात आला होता. तेही खोटे नव्हते. पण अर्धेच खरे होते.

मी थरावर बोट ठेवून सगळे सांगितले. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आईनंच झाडाला मारलं म्हणता का जी?"

"आईनं नाही, ताई," मी म्हणालो. "मी. किती टाकायची ते लिहिलं नव्हतं मी."

त्या संध्याकाळी वस्तीच्या विहारात वर्षावासानिमित्त 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ताईंनी मलाही नेले. चहाच्या वेळी लिंबाचा विषय निघालाच. एक आजी म्हणाल्या, "आठवणीचं झाड वाळणं बरं नव्हे, घरावर काही येते." मी त्यांना म्हटले, आजी, ज्या ग्रंथाचे आत्ता वाचन झाले त्यातच बाबासाहेबांनी दैवी चमत्कारांवरचा विश्वास अधम्मात घातला आहे. प्रत्येक घटनेला कारण असते, ते माणसाने शोधायचे असते. आणि बोधगयेचे उदाहरण पाहा. तिथला जुना बोधिवृक्ष १८७६ साली वादळात कोसळला. १८८१ साली अलेक्झांडर कनिंगहॅमने तिथे त्याचे रोप लावले, आज आपण ज्याला वंदन करतो तो हा. म्हणून बुद्धाच्या घरावर काही आले का? या झाडाच्या प्रकृतीची तपासणी करायला आजही डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जातात. वाळक्या फांद्या कापतात, कापलेल्या जागी लेप लावतात, किडीसाठी फवारणी करतात. जगातल्या सगळ्यात वंदनीय झाडालासुद्धा वैद्य लागतो. मग आपल्या लिंबाने काय घोडे मारले आहे?

आजी हसल्या. पटले की नाही ते कळले नाही. चहा मात्र त्यांनी मला दुसऱ्यांदा दिला.

झाड जागेवर ठेवून उपचार करता येईल का, याचा मी दोन दिवस विचार केला. लिंबाला हलवलेले आवडत नाही. पण पाणी काढून द्यायचे तर कुठे? रस्ता उंच, मागे दुसऱ्याची भिंत. शोषखड्डा केला असता, पण काळ्या मातीत तो पावसाळ्यात स्वतःच भरून बसतो. शिवाय राख तिथेच राहणार. झाड मोठे असते तर दुसरा विचार केला असता. तीन फुटांचे होते, म्हणून उचलायचे ठरवले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आभाळ भरून होते, असला दिवस अशा कामाला चांगला. ताईंचा भाऊ ऑटो बंद ठेवून आला होता. तोंड वाकडे करून आला, पण फावडे त्यानेच धरले. मोरीपासून दूर, अंगणातल्या त्यातल्या त्यात उंच जागी आम्ही चार फूट रुंद आणि दीड फूट उंच मातीचा ओटा केला. पोयट्याची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले जाड रेती. शेणखत हातात घेतले तर गरम लागता कामा नये आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. ताजे शेण घातले असते तर दुसरी चूक झाली असती.

मग लिंबाभोवती गोल खणून ते सावकाश उचलले. नेहमी आपण मुळाची माती फुटू देत नाही. इथे मुद्दाम झाडली, आणि राखेचा अंश निघावा म्हणून मुळे बादलीभर साध्या पाण्यात हलकेच धुतली. काळी, लिबलिबीत मुळे कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत कापली. मुळे निम्मी झाली तर वरचा पसाराही तेवढा हवा, नाहीतर थोड्या मुळांवर खूप पानांची तहान पडते. म्हणून वाळके शेंडे आणि वरचा तिसरा हिस्सा कापून टाकला. ताईंनी तेव्हा तोंड फिरवले होते. झाड ओट्यावर बसवताना खोडाला जिथून पहिले मूळ फुटते ती जागा मातीच्या वर राहील एवढे पाहिले. रोप खोल लावले की पक्के बसते, हा गैरसमज आहे. खोल गेलेले खोड ओले राहून कुजते.

पाण्यासाठी दुहेरी आळे केले. खोडाभोवती मातीचा एक लहान कडा, त्यात पाणी घालायचे नाही. त्याच्या बाहेर दुसरा कडा, पाणी या दोघांच्या मध्ये. खोड कोरडे आणि मुळे ओली. दुपारच्या उन्हासाठी चार काड्या रोवून वर पांढरे जुने लुगडे बांधले. कुणाचे ते मी विचारले नाही.

राहिली ती जुन्या खड्ड्यातली राखाडी माती. घमेल्यात काढून ठेवली होती आणि तिच्याकडे पाहत सगळे गप्प उभे होते. मी सांगितले, एका जागी नको, पातळ पसरा. सगळ्या अंगणात, कढीपत्त्याच्या मोठ्या झाडापासून लांब, विहारामागच्या जुन्या कडुनिंबाच्या पसाऱ्याखाली, थोडी इथे थोडी तिथे, आणि खुरप्याने मातीत मिसळा. एवढ्या मातीत ती पचून जाते. भाऊ घमेले उचलत म्हणाला, "बराबर आहे. बुढी तशीही कधी एका जागी बसली नव्हती." आणि त्या दिवशी ताई पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

दहाव्या दिवशी भावाचा फोन. "काका, गेलं. एक पान राहिलं नाही." मला हे अपेक्षित होते, पण सांगायचे राहिले होते. माझे हे राहून जाणे काही संपत नाही! म्हटले, पाने गळू द्या, खोड खरवडून पाहा. फोनवरूनच मुलाचा आवाज आला, "हिरवं आहे!" मग बाकी काही करू नका, म्हणालो. आजारी झाडाला लोक खत घालतात, औषध फवारतात, रोज पाणी देतात. त्याला त्या वेळी फक्त सोडून द्यायचे असते. पाणी द्यायचे की नाही ते बोटाने ठरवायचे. बाहेरच्या आळ्यात बोट दोन पेरे खुपसा, आत ओल लागली तर बादली ठेवून द्या. ताईंना ही शिस्त सगळ्यात जड गेली. "रोज पाणी नाही टाकलं तर आईला विसरल्यासारखं वाटते," म्हणाल्या. मी म्हटले, रोज बोट घालून पाहा, तेही आठवण काढणेच आहे.

नोव्हेंबरच्या मध्याला खोडावर तांबूस कोंब दिसले. दिसले आणि आठवड्यात निम्मे खाल्लेही गेले. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, लिंबावरच्या फुलपाखराची. ताईंनी विचारले, "काका, पाणातिपाताचं काय?" प्रश्न अवघड. तीन फुटांच्या झाडावर पाच अळ्या, औषध फवारण्याची गरजच नव्हती. हाताने उचलून मागच्या दांडग्या कढीपत्त्यावर सोडल्या. तिला तेही पान चालते आणि त्या झाडाला पाच अळ्यांचे काही वाटत नाही. पुढे कधी शंभर अळ्या आल्या तर काय, ते मला विचारू नका.

डिसेंबरात आलेली पाने थोडी फिकीच होती. तेव्हा लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी एकदा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, पानांवर फवारले. मुळे जोवर पुरती सावरत नाहीत तोवर पानांवाटे लोह द्यायचे. उन्हात फवारले तर पाने करपतात. शेणखत दिले ते जानेवारीत, नवी पाने कडक झाल्यावर, तेही दोन ओंजळी, बाहेरच्या आळ्यात.

आता माझे जुने लिहिलेले वाचून ज्यांनी झाडे लावली त्यांच्यासाठी. झाड टवटवीत असेल तर काही करू नका, उगाच उकरू नका. पण नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खोडापासून हातभर दूर उकरून पाहा, राखेचा थर लागतो का. लागला आणि झाड लहान असेल तर वरच्यासारखे करता येते, दिवस मात्र पावसाळा सरतानाचे निवडा, भर उन्हाळ्यात हात लावू नका. झाड मोठे असेल तर उचलू नका, बाजूने थराची जमेल तेवढी माती काढून चांगली माती भरा. आणि ज्यांना पुढे लावायचे आहे त्यांनी खड्ड्यात राख घालूच नये. झाड साध्या चांगल्या मातीत लावा. रक्षेतली एक ओंजळ पाच घमेली मातीत मिसळून आळ्याच्या बाहेरच्या कडेला टाका, बाकीची शेतात किंवा मोठ्या झाडांखाली पातळ पसरा. अंगणात पाणी तुंबत असेल तर आधी ओटा, मग झाड. आणि आठवणीसाठी पिंपळ लावायचा असेल तर घराच्या भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत लावा, त्याची मुळे भिंत फोडतात.

गेल्या रविवारी मी पुन्हा जाऊन आलो. लिंबू अजून अडीच फुटांचेच आहे, उंचीने मागे गेले, पण सव्वीस नवी पाने आहेत. मुलाने मोजून ठेवली होती. बीपासून केलेल्या कागदी लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, तेव्हा लोणच्याची घाई करू नका, असे ताईंना सांगितले. "बरणी धुऊन ठेवली आहे," म्हणाल्या.

खोडावर मात्र ठिकठिकाणी नखाचे ओरखडे दिसले, दहा-बारा तरी असतील. मुलाला जवळ बोलावले. तो आधीच मान खाली घालून उभा. "रोज पाहतोस का रे?" मान हलली. त्याला सांगितले, आता पाने आली आहेत, आता खरवडू नको, नुसते बघ.